शेवटच्या पानावरची नावं

“नोमे? पायेझे?”

म्हणजे नाव? गाव? फोन उचलला की त्याचे पहिले दोन शब्द हेच. सांत्वन नंतर. रिसीव्हर मानेत धरलेला, कानामागे लाल पेन्सिल, आणि पलीकडे कुणीतरी रडत असायचं.

टोरोंटोतल्या एका इटालियन दैनिकात तो निधनवार्तांचं शेवटचं पान सांभाळायचा. पेपर देशभर जायचा, जवळच्या हॅमिल्टनपासून पार पश्चिम किनाऱ्यावरच्या कोक्विटलमपर्यंत, आणि म्हातारे वाचक तो मागून उघडायचे. गावाकडचं कोण गेलं ते आधी, पंतप्रधान नंतर. त्याचा एक नियम होता. वार्ता तयार झाली की घरच्यांना फोन करून ती मोठ्यानं वाचून दाखवायची. घरचे “बरोबर” म्हणाले तरच छापायला पाठवायची.

“तुमचं नाव या पानावर कुठेच नाही?” मी एकदा विचारलं.

“मी बोलू शकतो. हे पान ज्यांना बोलता येत नाही त्यांचं.”

आमच्या संघटनेची पत्रकं त्याच छापखान्यात निघायची, म्हणून ओळख. गोदामांत राबणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांसाठी आम्ही भांडतो. हॅमिल्टनच्या एका गोदामात मालाची रॅक कोसळून आपला एक मुलगा गेला, तेव्हा मी संतापून पत्रक लिहिलं. मथळा ठोकला: ‘आणखी एक बळी!’

म्हाताऱ्यानं ते वाचलं आणि पेन्सिल काढली. “आणखी एक? बटाटे मोजतेस का, पोरी? नोमे? पायेझे?”

मला गाव माहीत नव्हतं. लाज वाटली, आणि त्याचाही राग आला.

मग त्यानं खिशातून प्लॅस्टिकमध्ये जपलेलं एक कात्रण काढलं. इंग्रजी पेपरातल्या दोन ओळी: गटाराचा चर खचून एक इटालियन मजूर ठार. “हा एक इटालियन मजूर माझा बाप,” तो म्हणाला. “आईला वाचता येत नव्हतं, तरी ती यात त्याचं नाव शोधायची. असली कात्रणं घरोघर होती. म्हणून हा पेपर निघाला.”

आमच्या त्या मुलाच्या बातमीतही तेवढंच होतं: एक आंतरराष्ट्रीय विद्यार्थी. आपल्या मराठी मंडळाच्या, ओकव्हिलच्या बंगल्यात राहणाऱ्या अध्यक्षांना मी म्हटलं, निदान शोकसभा तरी घ्या. ते म्हणाले, “अगं, उगाच वाद नको. बाकीच्या मुलांच्या पीआरचं, इथे कायम राहायच्या परवान्याचं काय?” गणपतीत मोदकांच्या ऑर्डरी घ्यायला मात्र यांना वाद आडवा येत नाही!

शेवटी मी त्या मुलाचं गाव आणि घरचा नंबर शोधून आणला. म्हाताऱ्यानं त्याची वार्ता इटालियनमध्ये लिहिली आणि नियमाप्रमाणे फोन लावायला सांगितला. तिकडे सकाळ होती. तो एकेक ओळ वाचून इंग्रजीत सांगायचा, मी ती मराठीत सांगायची. नितीन दिगंबर ढोले. मुक्काम पोस्ट बोरी, तालुका जिंतूर. आई चंद्रभागा.

“त्याच्या बापाचं नाव घातलंय ना, बाई?”

“घातलंय, काकू.”

“मग बरोबर हाय.” आणि लगेच, “ते वाचणारे बाबा म्हातारे वाटतेत. जेवले का म्हणावं?”

मी ते त्याला सांगितलं. त्यानं चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घालायचा विसरला.

दुसऱ्या दिवशी वार्ता छापून आली आणि पेपरच्या मालकाचा मुलगा तरातरा आला. “हा इटालियन पेपर आहे!”

“माहीत आहे,” म्हातारा म्हणाला. “म्हणूनच छापलं.”

पुढच्याच महिन्यात पान त्याच्याकडून काढलं. निधनवार्ता आता वेबसाइटवर, घरच्यांनी फॉर्म भरायचा. नव्वदीची विधवा फॉर्म भरणार! मग छापील पेपरच बंद झाला. निरोप समारंभ मात्र दणक्यात. केक होता, ‘आपला वारसा’ या विषयावर चार भाषणं होती. एकाही वक्त्याच्या घरी पेपर येत नव्हता. ‘पेपर कुणाच्या घरी येत होता?’ असं मी तिथेच ओरडून विचारलं, म्हणून कळलं. आपण सगळ्यांनी पाहिलेत हे लोक. त्यांच्यातले काय, आपल्यातले काय, वारसा यांना फक्त स्टेजवर लागतो. म्हातारा भाषण न करता निघून गेला. टेबलावर फोन तेवढा राहिला.

गेल्या रविवारी त्याचा मला फोन आला. “लिहून घे.”

स्वतःची निधनवार्ता सांगत होता. नाव, बापाचं नाव, आईचं माहेर, गाव. तारीख मोकळी.

“वाच.”

गावाशी मी अडखळले. त्यानं तीनदा वाचायला लावलं. मग म्हणाला, “बरोबर. पण छापशील कुठे?”

तो जिवंत आहे, अजून बोलू शकतो, म्हणून त्याच्याच म्हणण्याप्रमाणे त्याचं नाव इथेही लिहीत नाही.

आमच्या पत्रकाचं शेवटचं पान आता नावांचं असतं. पंजाबी, फिलिपिनो, मराठी. प्रत्येकाचं नाव आणि गाव, घरच्यांना फोनवर वाचून दाखवलेलं. जागा कमी पडते म्हणून सोबतचे कुरकुरतात. तरी तळाशी त्याच्या चार ओळींची जागा मी प्रत्येक वेळी कोरी सोडते.