सुनंदाच्या प्लेटलेट्स

हे मी सहसा कोणाला सांगत नाही, पण चहा येईपर्यंत तुम्हाला सांगतो. माझ्या शहाणपणापायी माझी बायको रक्ताने भिजलेला टॉवेल तोंडाला धरून रिक्षात बसली होती. आणि त्या शहाणपणाला कारण काय, तर एक अगदी उत्तम आलेला रिपोर्ट.

पावसाळ्याआधी सुनंदाच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवला. घरी सोडताना डॉक्टरांनी रक्त पातळ करायची गोळी लिहून दिली. रोज सकाळी एक, चुकवायची नाही. गुठळी होऊन स्टेंट बंद पडला तर काय होतं, तेही सांगितलं. ते ऐकल्यापासून मला धड झोप नव्हती. गोळ्यांचा डबा मी माझ्याच ताब्यात घेतला.

पाऊस सुरू झाला आणि आमच्या बोळिंजच्या सोसायटीत डेंग्यू आला. तळमजल्यावरच्या सावेंच्या प्लेटलेट्स इतक्या घसरल्या की त्या वाढवायला अख्खी बिल्डिंग पपईची पानं शोधत फिरली. प्लेटलेट्स असल्या की रक्त गोठतं, कमी झाल्या की वाहत राहतं, एवढं शास्त्र मी तेव्हा शिकलो. एवढंच शिकलो, तिथेच घोटाळा झाला.

मग सुनंदाचा रक्ताचा रिपोर्ट आला. प्लेटलेट्स भरपूर, धडधाकट माणसाला असाव्यात तितक्या. दुसऱ्या कोणी पेढे आणले असते. मला घाम फुटला. गोळी प्लेटलेट्सवर काम करते, असं डॉक्टर म्हणाले होते ना? मग या सगळ्या जागच्या जागी कशा? म्हणजे गोळी लागूच पडत नाही.

आधी पपई बंद केली. वसईच्या वाडीतून भाजी घेऊन येणाऱ्या मावशींनी सुनंदासाठी मुद्दाम पिकलेली पपई आणली होती, ती मी परत पाठवली. मग कच्चा लसूण सुरू केला, त्याने रक्त पातळ होतं असं कुठेतरी वाचलं होतं म्हणून. शेवटी जेवण झाल्यावर तिच्या हातावर आणखी एक गोळी ठेवली.

"सकाळी घेतली की मी," ती म्हणाली.

"ही जास्तीची."

"डॉक्टरांना विचारलंत?"

"विचारायचं काय त्यात? रिपोर्ट समोर आहे."

तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि गोळी घेतली. स्टेंट बसवायला तिला आत नेलं तेव्हा मी किती घाबरलो होतो, ते तिला माहीत होतं. माझ्या समाधानासाठीच घेत असावी. पुढेही रोज तिचा हाच प्रश्न आणि माझं हेच उत्तर. तिच्या दंडावर निळे डाग दिसायला लागले, तर मी मनात म्हटलं, चला, गुण येतोय. मग एका सकाळी दात घासताना हिरडीतून रक्त आलं, ते थांबेचना.

डॉक्टरांनी आधी रक्त थांबवलं, जास्तीची गोळी बंद केली आणि मग मला समोर बसवलं. आवाज चढवला नाही, त्यामुळे मला जास्तच लाज वाटली. ते म्हणाले, ही गोळी प्लेटलेट्स मारत नाही आणि रक्ताचं पाणीही करत नाही. प्रत्येक प्लेटलेटवर रिसेप्टर असतात, म्हणजे निरोप घ्यायच्या जागा. जखम झाली की एक रसायन तिथे येऊन बसतं, चिकटायचा निरोप मिळतो आणि त्या एकमेकींना धरून गुठळी करतात. गोळी ती जागा आधीच अडवते आणि त्या प्लेटलेटचं आयुष्य संपेपर्यंत सोडत नाही.

"मोजायला गेलात तर सगळ्या हजर," डॉक्टर म्हणाले. "फक्त निरोप पोचत नाही."

सुनंदाने तोंडातला कापूस काढला.

"आमच्या घरात असं एक माणूस आहे, डॉक्टर," ती म्हणाली. "मोजायला गेलं तर रोज हजर असतं."

मी तेव्हा रिपोर्टवरचा तो आकडा पुन्हा एकदा बघत होतो.

"काय म्हणालीस?" मी विचारलं.

तिने कापूस परत तोंडात धरला. तिचं वाक्य डॉक्टरांनीच मला परत ऐकवलं.