काकांची शिकार

अमेरिकेतल्या आमच्या ईडन प्रेरी गावातले एक काका, मूळचे नागपूरचे रिटायर्ड डॉक्टर, दर फॉलमध्ये, पानगळीच्या दिवसांत, शिकारीला जातात आणि मारलेल्या फेझंट पक्ष्याचा सावजी रस्सा करून आम्हाला जेवायला बोलावतात. रस्सा असा जहाल, की आत रानपक्षी आहे की दुकानातली कोंबडी, जिभेला पत्ता लागत नाही. वाढताना त्यांचं ठरलेलं वाक्य असतं, "जपून चाव बरं का, बंदुकीचा छर्रा असेल." तो कधी कुणाला सापडला नव्हता. काकांच्या बुटांना चिखल नसतो, गराजमध्ये पक्ष्याचं एक पीसही दिसत नाही. "मलाही न्या की," म्हटलं तर म्हणायचे, "तुला थंडी सोसायची नाही."

परवा पाणी घ्यायला किचनमध्ये गेलो, तर काका पाठमोरे उभे राहून शिजलेल्या तंगडीत बोटाने एक छर्रा दाबत होते. मी आल्या पावली परतलो.

नेमकी तीच तंगडी माझ्या ताटात आली. दाताखाली कट्कन वाजलं.

"काका, छर्रा!"

काका असे काही खुलले! "बघ! शनिवारी चलच तू माझ्याबरोबर," म्हणाले, आणि बोलून गेल्यावर त्यांच्या हातातला डाव तसाच थांबला.

"नको काका," मी म्हटलं, "मला थंडी सोसत नाही."