न धुतलेली लुगडी

गोदाक्का गेल्याचे मला महादूने सांगितले. मी मंडळाच्या खोलीत दुधाच्या भुकटीचे डबे मांडीत होतो. तो दारात येऊन उभा राहिला, डोक्यावरची टोपी काढली आणि म्हणाला, "मास्तर, अक्का गेली. पहाटं गेली. बाया पोरं घिऊन तिच्या दारात उभ्या हायत. आता कुणाकडं ठिवायची?" बातमी आणि प्रश्न त्याने एका दमात सांगितले. मला ते योग्य वाटले. आज त्यास पाच आठवडे झाले. मी निवृत्त शिक्षक आणि मंडळाचा चिटणीस. म्हणून चार शब्द लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. स्तुतीचा मला सराव नाही. पाहिले तेवढे लिहितो.

गोदाक्का चाकणजवळच्या एका खेड्यातील. लहान वयात वैधव्य आले, मूलबाळ नव्हते. दापोडीत रुळांलगतच्या आळीत तिची पत्र्याची एक खोली होती. पिंपरीस कारखाना उभा राहिला आणि आळीतील काही बायका बाटल्या भरण्याच्या कामावर जाऊ लागल्या, तेव्हा त्यांची तान्ही मुले हिच्या खोलीत येऊ लागली. प्रथम एक, मग तीन, मग सात. आमच्या मंडळाचे काम अशाच घरांचे. जी बाई आपल्या घरी इतरांची मुले सांभाळते, तिला सतरंज्या द्यावयाच्या, दूध द्यावयाचे, महिन्यातून एकदा डॉक्टरांस घेऊन जावयाचे, आणि मुलांच्या घरी काही अडले तर तेथेही जावयाचे. सोबत नियमांचा एक कागद असे. तो मी लिहिला होता.

त्या खोलीतील दुपार मला अद्याप दिसते... आढ्याला सात झोळ्या टांगलेल्या, पत्र्याच्या भोकांतून आलेले उन्हाचे ठिपके त्यांवरून सरकत असलेले, आणि भिंतीशी टेकून बसलेली गोदाक्का. सातही झोळ्यांच्या दोऱ्या तिने एका गाठीत आणल्या होत्या. ती गाठ ओढली की सगळी खोली एकदम हलू लागे. लोणावळ्याची गाडी जाई, पत्रा थरथरे, आणि झोळ्या आपल्या चालीने पुढे-मागे जात राहत. दहा मिनिटांत माझ्या तपासणीच्या कागदावरील अक्षरे एकमेकांत मिसळू लागत. मी तेथे दोनदा बसल्या जागी झोपलो आहे. तिने ते कोणास सांगितले नाही.

झोळ्या त्या त्या मुलाच्या आईच्या लुगड्याच्या असत, आणि लुगडे न धुतलेले असावे हा तिचा हट्ट. कामाला निघालेल्या बायांना ती दारातच अडवी : "पेटीतलं नगं. रातच्याला नेसून झोपलीस त्ये दे." माझ्या कागदावर चौथा नियम होता तो असा, की मुलांच्या अंगाखालील सर्व वस्त्रे आठवड्यातून एकदा सोड्याच्या पाण्यात उकळावीत. दोनदा तिला बजावले. दोन्ही वेळा ती "व्हय" म्हणाली. तिसऱ्या खेपेस मी गेलो तेव्हा ती एका मुलाचा कान दाखविण्यास दवाखान्यात गेली होती आणि शेजारची हौसा मुलांपाशी बसली होती. मी सातही लुगडी उतरविली, अंगणात हंडा चढविला आणि उभा राहून ती उकळून घेतली. हौसा काहीतरी सांगू पाहत होती. मी ऐकून घेतले नाही.

गोदाक्का परतली तेव्हा लुगडी तारेवर वाळत होती. ती थेट त्यांतील एका हिरव्या लुगड्याकडे गेली. ते नाकाशी धरले. खाली सोडले.

"कुणी धुतलं?"

"मी धुवविले. नियम आहे."

"नियम हाय, व्हय. ह्ये पारूचं व्हतं, मास्तर."

पारू म्हणजे महादूची बायको. तीन आठवड्यांपूर्वी तापाने गेली होती. मला ठाऊक नव्हते. मी विचारलेही नव्हते. तिची दहा महिन्यांची कुसुम त्या लुगड्याशिवाय झोपत नसे.

"वहिनींचं लुगडं हाय का तुमच्या घरी?" गोदाक्काने विचारले.

"आहे. पेटीत. ती गेल्यावर धुऊन ठेवले आहे."

लुगडी वाळल्यावर तिने झोळ्या पुन्हा बांधल्या आणि दोऱ्यांची गाठ माझ्या हातात देऊन म्हणाली, "बसा." मी दिवे लागेपर्यंत बसलो. कुसुम रडतच होती.

पोरीने दूध सोडले. महादूने सांगून टाकले, की रविवारपर्यंत प्याली नाही तर तिला जुन्नरकडे आजीपाशी पोहोचवितो. आजी अंथरुणाला खिळलेली. तेथे ही पोर जगेल असे आळीत कोणास वाटत नव्हते. त्या संध्याकाळी गोदाक्काने ते हिरवे लुगडे स्वतः नेसले. विधवेच्या अंगावर हिरवे! त्यातच ती भाकऱ्या थापी, पाणी भरी, झोपे. नळावर एकीने विचारले, "अक्का, हिरवं नेसून कुनीकडं गं?" "तुझ्या सासूच्या लग्नाला. येतीस का?" आळी हसली. पण चाकणच्या बाजाराहून तिचा भाऊ आला, त्याने दारातूनच पाहिले, कांद्याचे पोते उंबऱ्यापाशी टाकले आणि पाण्यास न शिवता परत फिरला. पुन्हा तो कधी आला नाही. शनिवारी तिने ते लुगडे सोडले, त्याची झोळी बांधली आणि कुसुमला आत ठेवले. पोर बराच वेळ तोंड घुसळीत राहिली... मग झोपली. उठल्यावर वाटीभर दूध प्याली.

मी चौथा नियम खोडला. सभेत कारण विचारले गेले. चुकीचा होता, एवढेच सांगितले.

आता त्या खोलीत हौसा मुले सांभाळते. मंडळाने तिचे नाव नोंदविले आहे. कुसुमला पाचवे लागले. गेल्या आठवड्यात महादू पुन्हा माझ्याकडे आला. "अक्का न्हाई, आता तिथं पोरीचं काय हाय? जुन्नरला माझ्या भनीकडं ठिवतो." मी म्हणालो, तिला विचार. "पोर ती, तिला काय इचारायचं?" तरीही आम्ही दोघे गेलो. टळटळीत दुपार होती. झोळ्या संथ हलत होत्या. महादूने दारातून हाक मारली, "कुसे!"

ती आतून आली. बापाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि ओठांवर बोट ठेवून म्हणाली, "हळू बोला की. आत्ताच निजल्यात." आणि उत्तराची वाट न पाहता आत वळली.

महादूने वहाणा काढून हातात घेतल्या आणि पावलांचा आवाज न करता पायरी उतरला. जुन्नरचे नाव त्याने पुन्हा काढले नाही.