वीतभर लांब दांडे

शांतिसेनेत माझी पोस्टिंग झाली तेव्हा मी हवालदार होतो. वर्कशॉपचा माणूस, ट्रेड व्हेईकल मेकॅनिक, गाव मुर्री, गोंदियाला लागून. देश आफ्रिकेतला होता. त्याचं नाव लिहीत नाही, कारण तिथल्या लोकांशी माझं काही भांडण नाही. आमची एक इन्फंट्री बटालियन होती आणि तिच्यासोबत आम्ही वर्कशॉपचे अठरा जण.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मी नोकरीत बंदूक कमी आणि पाना जास्त चालवला. गावातल्या लोकांना वाटतं, फौजी म्हणजे रोज धडाधड गोळीबार. माझी निम्मी सर्व्हिस गाडीखाली पाठीवर पडून गेली आणि त्याची मला अजिबात लाज नाही.

कॅम्पमधला दिवस ठरलेला असे. ०५०० ला उठायचं, ०६०० ला पीटी, ०७३० ला फॉल-इन, ०८०० ते १३०० काम. जेवणानंतर बाकीचे आडवे होत आणि मी तारेच्या कुंपणाकडे जात असे. कुंपणापलीकडे पश्चिमेकडच्या तीन देशांच्या तुकड्या होत्या. एकाचे ट्रक, दुसऱ्याची हेलिकॉप्टरं, तिसऱ्याचं हॉस्पिटल. तिन्ही देश एकाच लष्करी युतीतले. आज टीव्हीवर जिच्यावरून रोज आरडाओरडा चालतो, तीच युती.

मला त्यांच्या सामानाची भारी उत्सुकता होती. मेकॅनिकला दुसऱ्याचं बॉनेट उघडं दिसलं की पाय आपोआप तिकडे वळतात. ट्रकवाल्यांच्या वर्कशॉपमध्ये लार्स नावाचा सार्जंट होता. त्याचं इंग्रजी माझ्याइतकंच मोडकं, त्यामुळे आमचं छान जमलं. मी त्याला आंब्याचं लोणचं दिलं. ते त्याने पावाला लावून खाल्लं, डोळ्यांतून पाणी काढलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मागितलं.

त्यांच्या सामानाबद्दल माझं मत विचाराल तर ते सरळ नाही. त्यांचा ट्रक आजारी पडला की आधी लॅपटॉप लावायचा, मग लॅपटॉप सांगणार काय दुखतं ते. आमचा ट्रक हातोडी, तार आणि दोन शिव्यांवर चालू व्हायचा. एकदा चिखलात त्यांचे दोन ट्रक एका सेन्सरपायी दिवसभर उभे राहिले आणि आमचा जुना गडी दोन्ही ओढून घेऊन आला. त्या दिवशी मी जरा छाती काढूनच फिरलो.

पण लार्सने मला एक केबल दाखवली. जाड, दोन्ही टोकांना सारखाच प्लग. त्याच्या ट्रकची बॅटरी उतरली तर हॉस्पिटलवाल्या देशाच्या गाडीतून ती केबल लावायची आणि गाडी चालू. कोणाचीही गाडी, कोणाचीही बॅटरी.

"तुम्ही भांडत नाही का आपसात?" मी विचारलं.

"रोज भांडतो," लार्स म्हणाला. "पैशावरून, जेवणावरून, हुकूम कोणी द्यायचा यावरून. रणगाडे तर प्रत्येकाचे वेगळे. एकाचा पार्ट दुसऱ्याला लागत नाही."

"मग युती कसली?"

त्याने केबल उचलून दाखवली. "हिच्यावरून भांडत नाही."

मी बराक गाठेपर्यंत त्यावर विचार करत होतो. मला वाटलं होतं, करार म्हणजे मोठ्या लोकांनी फोटो काढून केलेल्या सह्या.

आता माझ्या करामतीबद्दल. आमची पूर्वेकडची पोस्ट दलदलीपलीकडे होती. तिथे गाडी जात नसे, दोन किलोमीटर गुडघाभर चिखलातून पायी जावं लागे. त्या वाटेने स्ट्रेचर हातात धरून आणायचं म्हणजे चौघांचे खांदे उखडत. आमच्याकडे धानाचे भारे कावडीने खांद्यावर वाहतात. मी म्हटलं, ओझं हातात कशाला? भंगारातल्या ट्रकच्या हूडचे, म्हणजे ताडपत्रीखालच्या सांगाड्याचे, पाइप कापले आणि स्ट्रेचरच्या चारही दांड्यांना वीत-वीतभर वेल्ड केले. आता दांडे खांद्यावर बसत होते.

टेस्टिंगला वजनदार माणूस हवा होता. लान्स नायक खेमराज रहांगडाले, गाव आमगाव, कंपनीतला सगळ्यात भरदार गडी. माझ्याच जिल्ह्यातला, म्हणून आमच्यात आपली बोली चालायची. तो स्ट्रेचरवर आडवा झाला, हात डोक्याखाली घेतले.

"उस्ताद, अशी सेवा तं घरी बी नाई झाली माही," तो म्हणाला. "आमगावपर्यंत असंच घेऊन चला."

चौघांनी त्याला घेऊन ग्राउंडला दोन चकरा मारल्या. सगळे हसत होते. जवानांनी त्या स्ट्रेचरचं नाव 'कावड' ठेवलं. सैनिक संमेलनात सीओ साहेबांनी, म्हणजे बटालियनच्या कमांडरांनी, सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. मी आठही स्ट्रेचरना दांडे लावून टाकले.

त्यानंतर पंधरा दिवसांनी लार्सने मला त्यांचा सराव बघायला नेलं. ट्रकवाल्यांचं स्ट्रेचर हॉस्पिटलवाल्यांच्या ॲम्ब्युलन्समध्ये सरकलं, खट् करून बसलं. तिथून काढून तिसऱ्या देशाच्या हेलिकॉप्टरमध्ये सरकवलं, तिथेही खट्. पेशंटला कोणी हात लावला नाही. लांबी, रुंदी, दांड्यांची जाडी, सगळं एका कागदावर ठरलेलं. लार्सने त्या कागदाची कॉपी मला दिली.

मी तिथेच डोळ्यांनी माप घेतलं. आमचं मूळचं स्ट्रेचर त्या खाचेत बसलं असतं. माझी कावड बसली नसती.

हे मला त्या दिवशी, त्या जागी कळलं होतं. तरी मी कागद घडी करून खिशात घातला आणि गप्प बसलो. दांडे कापायचे म्हणजे साहेबांनी केलेलं कौतुक आपल्याच हाताने कापायचं. मनाला सांगितलं, हेलिकॉप्टरची वेळ येतेच कुठे.

वेळ तीन आठवड्यांनी आली. पूर्वेकडच्या पोस्टचा जनरेटर बंद पडला होता आणि तो दुरुस्त करायला मला जायचं होतं. सोबत दहा जणांची पार्टी, त्यात खेमराज, आणि एक कावड. ०६२० ला निघालो, ०७२५ ला पोचलो. डिझेलच्या पाइपात कचरा होता. ०९३० ला जनरेटर चालू करून, चहा पिऊन परत फिरलो.

१०१० ला उजवीकडच्या गवतातून तीन राउंड आले. कोणी झाडले ते शेवटपर्यंत कळलं नाही. आम्ही चिखलात पडलो, आमच्या मशीनगनने उत्तर दिलं, पुन्हा काही आलं नाही. उठलो तेव्हा खेमराज उठला नाही. गोळी डाव्या मांडीत वर लागली होती.

पार्टीतल्या नर्सिंग असिस्टंटने रक्त थांबवायला मांडीवर पट्टा आवळला. रेडिओवाला बोलत होता.

"टायगर, धिस इज टायगर टू. वन कॅज्युअल्टी. गनशॉट, लेफ्ट थाय. रिक्वेस्ट हेली. ओव्हर."

"टायगर टू, रॉजर. पिक-अप पॉइंट डेल्टा. मूव्ह नाऊ. ओव्हर."

डेल्टा म्हणजे दलदलीच्या काठची कोरडी जागा. १०२१ ला आम्ही कावड खांद्यावर घेतली. पुढचा उजवा दांडा माझ्याकडे होता. कावडीने काम चोख केलं, हेही लिहिलं पाहिजे. एरवी त्या वाटेला तास लागला असता, आम्ही १०५८ ला डेल्टावर होतो. चालताना मी मनात म्हणत होतो, बरं झालं दांडे लावले.

११०४ ला हेलिकॉप्टर उतरलं. आम्ही वाकून धावलो आणि स्ट्रेचर आत सरकवलं. ते अर्ध्यात अडकलं. तिरपं करून पाहिलं, पुन्हा अडकलं. आतला गोरा क्रूमन दोन्ही हात हलवून नाही-नाही म्हणत होता आणि दांड्यांकडे बोट दाखवत होता. पंख्याच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं. मी येड्यासारखा ढकलतच राहिलो.

खेमराजने माझी बाही ओढली. मी कान त्याच्या तोंडाशी नेला.

"कावड नाई जात का, उस्ताद?"

"नाई."

"मंग उचला ना मले."

आम्ही सहा जणांनी त्याला हातांवर उचलून त्यांच्या स्ट्रेचरवर घेतलं. उचलताना तो एकदाच ओरडला. मांडीवरचा पट्टा सरकला, रक्त पुन्हा सुरू झालं, पट्टा पुन्हा आवळावा लागला. हेलिकॉप्टर १११२ ला उडालं. सरावात हेच काम मी दोन मिनिटांच्या आत झालेलं पाहिलं होतं.

११५५ ला हॉस्पिटलमध्ये लान्स नायक खेमराज रहांगडाले मरण पावला.

दुपारी मी तिथल्या डॉक्टरबाईंना गाठलं. विचारलं, आधी आणला असता तर? त्या म्हणाल्या, "सांगता येत नाही. रक्त खूप गेलं होतं." मला हो किंवा नाही यातलं एक हवं होतं.

१७०० वाजता मी हॅक्सॉ, म्हणजे लोखंड कापायची करवत, घेऊन बसलो. आठ स्ट्रेचर, बत्तीस दांडे. पाचव्या-सहाव्या दांड्याला लार्स आला आणि पाइपाचं दुसरं टोक धरून बसला. आणखी काही दांडे कापून झाल्यावर म्हणाला, "तो कागद ऑफिसात बसून कोणी लिहिलाय असं वाटतं तुला? आमच्या बापजाद्यांच्या वेळची माणसंही अशीच दारात अडकून मेली असणार."

गोळीबाराची चौकशी झाली. दांड्यांबद्दल कोणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. कागद वर्कशॉपच्या भिंतीला चिकटवला आणि पुढच्या हवालदाराला तोंडी सांगून आलो.

आता पेन्शनवर आहे. खेमराजच्या दिवशी दरवर्षी आमगावला त्याच्या वडिलांकडे जातो. काकाजी धानाचे शेतकरी, पंचाहत्तरीचे, अंगाने खेमराजसारखेच. जेवतो, फोटोला हार घालतो, संध्याकाळच्या गाडीने परत येतो. इतकी वर्षं त्यांना एवढंच सांगत आलो, की गोळी लागली, हेलिकॉप्टरने नेलं, वाचला नाही. यातलं एकही वाक्य खोटं नाही.

यंदा गेलो तेव्हा टीव्हीवर तीच युती चालू होती. कोण रणगाडे देतो, कोण देत नाही, कोण बाहेर पडायच्या धमक्या देतो.

"हवालदारजी," काकाजी म्हणाले, "हे गोरे लोक एकमेकाले सोडून जाऊन राहिले म्हणते टीव्हीवाला. तुमी तं राहून आले त्यायच्यात. खरं आहे का?"

"मले नाई मालूम, काकाजी. भांडते तं लय. पन जोपर्यंत त्यायचं माप एक आहे, तोपर्यंत मी नाई मानत."

"कोनतं माप?"

"तुमची ट्रॉली कोनाच्या ट्रॅक्टरले लागते?"

"कोनाच्याबी. पिन सारखीच तं आहे सगळ्यायची."

"बस, तेच. त्यायच्या गाडीची केबल, बंदुकीची गोळी, स्ट्रेचर, सगळ्याची पिन सारखी. ज्या दिवशी त्यायच्यातला एखादा आपल्या मनानं स्ट्रेचर बनवंल, त्या दिवशी मी म्हणीन, तुटली."

काकाजींनी टीव्हीचा आवाज बंद केला. त्यांना माझ्यासारखीच खोड आहे, एक गोष्ट कळली की तिच्या मागची विचारतात.

"आन तुमच्या स्ट्रेचरची पिन? ते लागे का त्यायच्या हेलिकॉप्टरले?"

प्रश्न निव्वळ कुतूहलाचा होता. मी "लागे" म्हणालो असतो तर विषय तिथेच संपला असता. भिंतीवर खेमराजचा फोटो होता, त्याला मी तासाभरापूर्वी हार घातला होता.

मी सगळं सांगितलं. हूडचे पाइप, ग्राउंडच्या दोन चकरा, सीओ साहेबांचं कौतुक, खिशात घातलेला कागद, आठ मिनिटं. रडलोही. हवालदार माणूस, दुसऱ्याच्या घरी जेवायला येऊन रडलो.

काकाजींनी मग विचारलं, "उचलताना दुखलं का त्याले?"

"हो."

"लय?"

"एकदाच वरडला. उचला मले, असं त्यानंच म्हणलं होतं."

ते उठून अंगणात गेले. ट्रॉलीजवळ पाठ करून उभे राहिले. मी चप्पल घालून निघायच्या तयारीत होतो, तेवढ्यात परत आले. हातात पाण्याचा लोटा होता, तो माझ्यासमोर ठेवला.

"इतके वर्स काऊन नाई सांगतलं?"

"भेव वाटला, काकाजी. तुमी येऊ नका म्हनान म्हणून."

"कोनाले लिहून देल्लं का? फौजेत?"

"नाई. तोंडी सांगतलं."

"तोंडी सांगतलेलं रायते का?" त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "त्यायनं आपल्या मेलेल्यायचं कागदावर लिहून ठेवलं. तुमी माह्या पोराचं लिहा. तुमची चूक लिहा. आन त्याचं नाव लिहा, पुरं."

संध्याकाळची गाडी मी त्या दिवशी सोडली. रात्री तिथेच जेवलो, तिथेच झोपलो. जेवताना काकाजींनी मला वाढलं, पण माझ्याशी बोलले नाहीत. सकाळी निघताना म्हणाले, "पुढच्या वर्सी कागद घेऊन या."

हा तोच कागद. एक प्रत जुन्या युनिटला पाठवली आहे, मापासह. दुसरी आमगावला घेऊन जाणार आहे.

लान्स नायक खेमराज रहांगडाले, आमगाव. डाव्या मांडीत गोळी, वेळ १०१०. दांडे मी लावले होते. त्यांची लांबी जास्त आहे हे मला तीन आठवडे माहीत होतं.