खुर्ची गल्लीत फिरून राह्यली

सोमाजी खोब्रागडे ऊर्जानगरच्या वीज केंद्रात फिटर होते. निवृत्त झाल्यावर कंपनीचं क्वार्टर सोडून ते बाबूपेठेतल्या स्वतःच्या घरी आले आणि पहिल्याच महिन्यात त्यांनी घरातल्या कड्या, नळ, पंखे, सगळं दुरुस्त करून टाकलं. मग जे बिघडलं नव्हतं तेही खोलायला घेतलं. मिक्सरचे तुकडे ओट्यावर पसरलेले पाहून त्यांची बायको सुगंधाबाई शांतपणे म्हणाली, "आता माह्यावालाच नंबर लागन. त्याच्या आंधी बाहेर कुठी तरी काम पाहा."

काम मिळालं ते ओलावा फाउंडेशनमध्ये. जटपुरा गेटजवळ संस्थेच्या दोन खोल्या होत्या, मागे पत्र्याची शेड. संस्था घरोघरी नर्स पाठवायची, एकट्या म्हाताऱ्यांना दवाखान्यात न्यायची, आणि चाकाच्या खुर्च्या, वॉकर, हवेच्या गाद्या लोकांना फुकट वापरायला द्यायची. गरज संपली की वस्तू परत आणायची, एवढीच अट. संस्थेचं काम पाहणाऱ्या दुर्गा मडावी मूळच्या धानोऱ्याकडच्या. वयाने सोमाजींच्या मुलीएवढ्या, पण सोमाजी त्यांना मॅडमच म्हणत. त्यांनी शेडची किल्ली सोमाजींच्या हातात ठेवली आणि सोमाजींना जणू पुन्हा नोकरी लागली.

शेडमध्ये कोण कुठली बोली बोलत येईल याचा नेम नसे. खाणींनी आणि कारखान्यांनी कुठकुठची माणसं या शहरात आणून बसवलेली. आंध्रातल्या माणसाला सोमाजी अर्धवट तेलुगूत 'रा, कूर्चो', म्हणजे ये, बस, म्हणत, बिहारी माणसाशी हिंदीत बोलत, पण वस्तू वेळेवर परत आणायची ताकीद मात्र सगळ्यांना चोख वऱ्हाडीत देत. वीज केंद्राच्या टूलरूममध्ये त्यांची शिस्त गाजलेली होती. पाना घेऊन गेलेला माणूस पाना दिल्याशिवाय घरी जात नसे.

अशा माणसाची सगळ्यात लाडकी खुर्ची लालपेठेत जाऊन अडकली. लाडकी अशासाठी, की तिची चाकं त्यांनी स्वतः बदलली होती, बेअरिंग नवे घातले होते. ती नेली होती मल्लय्याने. मल्लय्या खाणीतला निवृत्त मेकॅनिक, पडून खुब्याचं हाड मोडलेला. हाड जुळलं असेल इतका काळ लोटला, तरी खुर्ची येईना. फोन केला की सून म्हणायची, उद्या आणतो. त्यातच भद्रावतीच्या एका माणसाचा निरोप आला. दोन दिवसांनी त्याच्या वडिलांना दवाखान्यातून घरी सोडणार होते आणि शेडमध्ये धड खुर्ची एकही उरली नव्हती. सोमाजींनी मोपेड काढली.

मल्लय्या दारात उभा राहून जास्वंदीला पाणी घालत होता. दोन्ही पायांवर, आधाराशिवाय. खुर्ची कुठं आहे विचारल्यावर त्याने पाइपनेच समोर दाखवलं. बिरजूच्या आईचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून तिला दिली.

"तुले कोणं सांगतलं देऊन टाकाले?" सोमाजी म्हणाले.

"मी बरा झालो ना भाऊ. मंग खुर्ची काय खुंटीले टांगू?"

बिरजू छत्तीसगढचा, कोपऱ्यावर समोशाची गाडी लावायचा. त्याने आधी सोमाजींच्या हातात चहा दिला आणि मग सांगितलं, अम्मा आता चालते, खुर्ची लालसूकडे आहे. सोमाजींनी उभ्यानेच चहा संपवला. राग आला होता, पण चहा आल्याचा होता आणि चांगला होता.

लालसू भामरागडकडचा, एका गोदामावर पहारेकरी. घरात त्याची बायको एकटीच. सासूला बायका फिरायला घेऊन गेल्या, ती म्हणाली, आणि वस्तीमागच्या मोकळ्या जागेकडे बोट केलं.

तिथं खाणीतून काढलेल्या मातीचे जुने ढिगारे होते. आता त्यांच्यावर पळस आणि बाभळी उगवल्या होत्या. सोमाजींनी लांबूनच आपली खुर्ची ओळखली. खुर्चीत एक वाळकी, गोंदलेल्या हातांची म्हातारी बसली होती. चार बायका ती खुर्ची चढावर ढकलत होत्या. मल्लय्याची बायको त्यांच्यात पुढे. एक चाक भुसभुशीत मातीत रुतलं होतं आणि त्या सगळ्या, म्हातारीसकट, हसून हसून बेजार झाल्या होत्या.

ती लालसूची आई, बुधरी. पायाच्या जखमेवर इलाज करायला लेकाने तिला गावाहून आणलं होतं. तिला माडियाशिवाय दुसरी भाषा येत नव्हती. खोलीतल्या खोलीत ती भिंतीकडे तोंड करून पडून राही, जेवण तसंच ठेवी. मल्लय्याची बायको सिरोंच्याची. तिला माहेरी ऐकलेले, माडियाच्या जवळच्या गोंडीचे चार शब्द येत. त्या चार शब्दांतून तिला एवढंच कळलं, की म्हातारीला झाड पाहायचंय. मग खुर्ची मागून घेतली आणि रोज दुपार उतरली की गल्लीतल्या बायका पाळीपाळीने तिला इकडे आणू लागल्या. आता ती दोन वेळा जेवत होती.

सोमाजी हे ऐकत उभे राहिले. त्यांनी खाली बसून चाकाभोवतीची माती हाताने उकरली, खुर्ची मागे ओढून बाहेर काढली आणि स्वतःच वर ढकलत नेली. पळसाखाली पोचल्यावर बुधरीने बुंध्यावर हात फिरवला आणि त्यांच्याकडे पाहून काहीतरी म्हटलं. मल्लय्याच्या बायकोला त्याचा अर्थ नीट सांगता येईना.

"तुमचं चांगलं होवो म्हणते, नाई तं हळू ढकला म्हणते," ती म्हणाली.

सोमाजींनी दोन्ही ऐकलं. परतताना ते हळू ढकलत आले.

पण भद्रावतीचा माणूस होताच. खुर्ची नेली तर बुधरी पुन्हा भिंतीकडे तोंड करणार, ठेवली तर तिकडचा म्हातारा दारातून घरात जाणार कसा? मल्लय्याच्या ओसरीवर बसून त्यांनी हा पेच मोकळेपणी सांगितला. शेडमध्ये एक खुर्ची होती, पण तिची चाकं गेलेली, पाठ फाटलेली. मल्लय्या म्हणाला, सांगाडा घेऊन या. बिरजूच्या जुन्या हातगाडीची चाकं तशीच पडली होती, जाड टायरची.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोमाजींनी सांगाडा ऑटोत घालून आणला. दोन निवृत्त माणसं त्याच्यावर अशी तुटून पडली, की नाश्त्याची आठवण कोणाला नव्हती. एक्सल किती कापायचा यावरून त्यांची जुंपली; एक वऱ्हाडीत, एक तेलुगूत, शिव्या तेवढ्या हिंदीत. बिरजूच्या अम्माने पाठीला जुन्या सतरंजीचं कापड शिवून दिलं. दुपारी खुर्ची तयार झाली. दिसायला ती अर्धी खुर्ची, अर्धी हातगाडी होती, पण ढिगाऱ्यावर सरसर चढली. बुधरीने बसून पाहिलं आणि उतरायलाच तयार होईना. सोमाजींची लाडकी खुर्ची धुऊनपुसून भद्रावतीला गेली.

संध्याकाळी त्यांनी दुर्गा मॅडमना सगळं सांगितलं आणि नियम मोडला म्हणून त्या काय म्हणतात याची वाट पाहिली. मॅडमनी विचारलं, "भाऊ, अजून कोणत्या मोहल्ल्यात असं जमन?"

आता लालपेठेत मल्लय्याच्या ओसरीवर संस्थेची छोटी शाखा आहे. दोन वॉकर, एक खुर्ची आणि हवेची गादी. कोणाला काय हवं ते गल्लीच ठरवते. सोमाजी आठवड्यातून एकदा तेलाचा डबा घेऊन तपासायला जातात. तपासणीला अर्धा तास पुरतो, पण ते जेवूनच परततात, कारण मल्लय्याची बायको माशाचं आंबट कालवण त्या दिवशीच करते. बुधरीची जखम भरली. गावी परतायच्या आधी तिने सोमाजींना समोर बसवून पुन्हा तेच वाक्य म्हटलं. या वेळी लालसू तिथं होता.

"माय म्हणते," तो म्हणाला, "मोहाची फुलं वेचाले या. बायकोलेही आणा."

सुगंधाबाईंनी पिशवी भरायला घेतली आहे. सोमाजींनी पिशवीत पाना आणि स्क्रू ड्रायव्हर टाकलेला तिला दिसला, तेव्हा तिने वर तेलाचा डबाही ठेवला.