शंभर फुटांवरचा दीर

आमच्या गल्लीतला चावीवाला दुनियेची कुलपं उघडतो, पण स्वतःचं डोकं वेळेवर चालेल तर शपथ! सहा वर्षांपूर्वी वहिनी त्याला म्हणाली, "भावजी, तुमचं कुलूप मांजरसुद्धा उघडेल." झालं! पठ्ठ्याने भावाच्या दाराला परस्पर नवं कुलूप ठोकलं. एकदा नव्हे, आठवड्यात तीनदा. नवरा-बायको संध्याकाळपर्यंत जिन्यात. वहिनीही खमकी. तिने कोर्टातून मनाई हुकूमच आणला: दिराने घराच्या शंभर फुटांच्या आत फिरकायचं नाही.

राग वर्षभरात विरला. पण हुकूम रद्द करायचा विषय आधी कुणी काढायचा, इथे दोघांचंही नाक आडवं आलं. चावीवाल्याने टेपने मोजून दिव्याच्या खांबापाशी खडूची रेघ मारली. पुतणीच्या वाढदिवसाला तो तिथूनच हात हलवायचा आणि भाऊ केक घेऊन रेघेवर यायचा. आम्हाला फुकट करमणूक.

यंदा मोठ्या दवाखान्याने त्याला कुलपांचं काम देऊ केलं, पण पोलिसांचा दाखला मागितला. तिथे जुना हुकूम वर आला.

"मुदत लिहिलेली नाही, तेव्हा तो आपोआप संपत नाही," त्याने गाठलेल्या वकीलबाई म्हणाल्या. "रद्द करायला अर्ज करा. वहिनींनी येऊन 'आता भीती नाही' म्हटलं, तर काम सोपं."

"तिला विचारू? त्यापेक्षा दवाखाना गेला उडत!"

म्हणाला खरा, पण चेहरा पार उतरला होता. महिनाअखेरीस काम दुसऱ्याला जाणार होतं.

तेवढ्यात वहिनी घरात एकटी असताना दाराचं कुलूप अडकलं. ती खिडकीतून रेघेवर उभ्या दिराला ओरडली, "भावजी, या ना!"

"हुकूम आहे!"

"अहो, मीच बोलावतेय!"

"सही न्यायाधीशांची आहे, वहिनी! खालचा स्क्रू सोडवा. डावीकडे! तुमच्या डावीकडे!"

अर्ध्या तासाने दार उघडलं. घामाघूम वहिनी तरातरा रेघेवर आली. "कुठंय तो अर्ज?"

कोर्टात न्यायाधीशांनी विचारलं, "यांनी हुकूम पाळला?"

"साहेब, मी कोंडले गेले तरी हा माणूस रेघ ओलांडेना. आता भीती नाही, नुसता वैताग आहे."

हुकूम रद्द झाला. निकालाची प्रत पोलिसांत दिली, नोंद बदलली, दाखला मिळाला. चावीवाला तडक भावाच्या दारात. मी गॅलरीत कान टवकारून उभा. त्याने कडी वाजवली.

"कोण?"

"मी."

"मग उघडा की! तुम्हाला काय, येतं!"

"नको वहिनी," तो म्हणाला, "तुम्हीच उघडा."