बागेत शिरणारी एकच रिक्षा

आमच्या अकोल्यात सायकलरिक्षा आली तेव्हा तिच्यात बसणारा माणूस आजारी तरी असावा किंवा फार श्रीमंत तरी, असं आम्हा पोरांना वाटायचं. धडधाकट माणसाला दुसऱ्या माणसानं ओढत न्यावं, हे काही आम्हाला पटत नव्हतं. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होतं आणि मोठे साहेब नागपूरहून यायचे. पण ते मोटारीतून उतरत. त्यामुळे रिक्षात नेमकं कोण बसतं, हा माझा प्रश्न तसाच राहिला होता.

प्रश्नांची मला तशी कधीच टंचाई नव्हती. मी नऊ वर्षांची होते. घरात मला सगळे चिडवत, कारण दिवसभर माझ्या तोंडी एकच शब्द असायचा, "काहून?" विहिरीचं पाणी हिवाळ्यात कोमट काहून? म्हैस शेपूट आधी डावीकडे काहून हलवते? आई वैतागून म्हणायची, "आत्याकडे जा आन् तिले इचार." नाताळच्या सुट्टीत मी खरंच आत्याकडे, अमरावतीजवळच्या वलगावला जायचे.

आत्याचं घर फुलांचं. मळ्यात झेंडू, निशिगंध, शेवंती, बांधावर मोगरा. उजाडायच्या आत ती वाफ्यात बसे, लुगड्याच्या पदराची ओटी खोचून. डाव्या हातानं पानं बाजूला, उजव्या अंगठ्याचं नख देठाला, की फूल ओटीत. बघायची नाही. बघायची गरजच नव्हती. तोंडानं ती माझ्याशी नाहीतर शेजारणीशी बोलत असायची, मध्येच बैलाला दटावायची, आणि हात आपले चालूच. पुरतं उमललेलं तेवढंच यायचं, अर्धं मिटलेलं जागच्या जागी राहायचं. मी एकदा करून बघितलं, तर निम्म्या कळ्या आणि दोन फांद्या हातात आल्या. आत्या हसली आणि मला फक्त टोपली धरायला ठेवलं. उमललेलं फूल दिवस कलेपर्यंत झाडावर दिसलं, की तिला चैन पडत नसे. चुलीवर दूध ठेवून बाहेर आल्यासारखी ती चुळबुळत राहायची.

सकाळी बैलगाडीनं अमरावतीला जायचं, देवीच्या देवळापुढे बसून फुलं विकायची, दुपारी परत. देवळाच्या कोपऱ्यावर एक रिक्षावाला उभा असे. चाळिशीचा, सडपातळ, डोक्याला लाल फेटा. आत्या रोज त्याच्या रिक्षाच्या हँडलला एक छोटा हार बांधून द्यायची. काहून, म्हणून विचारल्यावर म्हणाली, "त्याच्या घंटीले शोभते म्हनून." याहून जास्त कारण तिच्याकडे नव्हतं.

त्या रिक्षावाल्याच्या दंडाला एक पितळी बिल्ला बांधलेला होता. इतरांच्या दंडाला तो नव्हता. मी अर्थातच विचारलं. तर कळलं, की कॅम्पाच्या बाजूला सरकारी बाग आहे, फार मोठी, एका टोकाचं दुसऱ्या टोकाला दिसत नाही, आणि आत शिरायची परवानगी सगळ्या गावात त्याच्या एकट्याच्या रिक्षाला आहे. म्हाताऱ्या बायका, गुडघे धरलेले पेन्शनर, पाहुणे यांना तो बसवतो आणि झाडं दाखवत फिरवतो. पूर्वी तो त्याच बागेत विहिरीवर मोट हाकायचा. पंधरा वर्षं हाकली. मग इंजन आलं आणि मोट गेली. बागेच्या साहेबाला त्याची दया आली म्हणा किंवा त्याला सगळी झाडं तोंडपाठ होती म्हणा, पण साहेबानं हा बिल्ला दिला.

"बिल्ला हाये तं बगिचा माहा," तो म्हणाला. "बिल्ला गेला तं मी फाटकाच्या बाहीर. बिन बिल्ल्याची रिक्षा आत गेली तं माली लोक चाकच काढून घेतीन."

त्या दिवशी फुलं लवकर संपली होती आणि त्याला गिऱ्हाईक नव्हतं. तो आत्याला म्हणाला, "रोज हार देता बाई. आज बसा. पोरीले बगिचा दाखोतो."

आत्या आधी नाही म्हणाली, मग माझ्याकडे बघितलं आणि बसली. बसल्यावर दोन्ही हातांनी दांडी घट्ट धरून ठेवली. आपल्याला कुणी ओळखीचं बघतंय का, हे ती वाटभर बघत होती. रिक्षात कोण बसतं, या प्रश्नाचं उत्तर असं मिळालं.

फाटकाशी तो उतरला आणि हात जोडून म्हणाला, "एकच गोष्ट हाये बाई. अठी फुलाले हात नाई, पानाले हात नाई. साहेबानं याच बोलीवर बिल्ला देल्ला. माह्या रिक्षातल्या मानसानं एक पान जरी तोडलं, तं बिल्ला जमा."

"आमी काय चोर हावो काय?" आत्या म्हणाली.

"नाई व माय. साऱ्यायलेच सांगा लागते, म्हनून सांगतो." आणि आत शिरल्यावर त्यानं ते पुन्हा एकदा सांगितलं.

बाग बघताना मला काय करू आणि काय नको, असं झालं. लाल मुरमाचा रस्ता, दोन्ही बाजूंना कापून चौकोनी केलेली झुडपं, मध्ये हिरवंगार गवत. रिक्षावाला पायडल मारता मारता मान मागे वळवून सांगत होता. हे गोरखचिंचेचं झाड, पाच माणसांच्या कवेत येत नाही. हा पिवळा बांबू, एका रात्रीत वीतभर वाढतो, त्यानं काडी लावून मोजलं होतं. ही काचेची खोली, हिच्यात थंडी न सोसणारी झाडं राहतात. मी विचारत होते, तो सांगत होता. इतकं नीट उत्तर मला आजवर कुणी दिलं नव्हतं. "माहीत नाई" असं तो दोनदा म्हणाला, तेही मला आवडलं.

आत्याचे प्रश्न वेगळे होते.

"हे गवत कोन खाते?"

"कोनी नाई. कापून फेकतात."

"इतलं हिरवं गवत, आन् एक गाय नाई?"

"पाहाले हाये बाई."

"आन् हे फुलं? देवाले जातात?"

"नाई. तेबी पाहाले."

"नुसते पाहाले?" आत्यानं माझ्याकडे बघितलं. तिला कुणीतरी थट्टा करतंय असं वाटत होतं.

असं करत आम्ही शेवंतीच्या वाफ्यांपाशी आलो. पिवळीधमक शेवंती, एकेक फूल वाटीएवढं, तीन लांब वाफे भरून. नाताळात कमिशनर साहेब बाग बघायला येणार म्हणून खास राखलेली. वाफ्याच्या कडेला कैलासपतीचं उंच झाड होतं. "हे माहं झाड," रिक्षावाला म्हणाला. "उतरा. याचं निवांत सांगतो."

आम्ही उतरलो. तो झाडाकडे तोंड करून, आमच्याकडे पाठ करून उभा राहिला आणि खोडाकडे हात दाखवत बोलू लागला. आत्या ऐकायला म्हणून वाफ्याच्या कडेला उकिडवी बसली. रोज सकाळी ती अशीच बसत आली होती, आणि बसली की पदर खोचत आली होती.

मी तिच्यासमोर होते. पहिलं फूल तुटलं ते मी बघितलं.

आत्याची नजर झाडावर होती. ती मान डोलवत होती, "हो भाऊ" म्हणत होती. आणि खाली डावा हात पानं बाजूला करत होता, उजव्या अंगठ्याचं नख देठाला लागत होतं. दुसरं फूल. तिसरं. मला हे सांगायलाच हवं, की त्या क्षणी मी बिल्ला विसरले नव्हते. फाटकावरचं सगळं मला शब्दन् शब्द आठवत होतं. पण मला बघायचं होतं. न बघता हाताला कसं कळतं? ही शेवंती तिच्या मळ्यातली नाही, फूल तिप्पट मोठं, देठ जाड, मग हात थबकेल का? थबकला नाही. अर्धं उमललेलं आलं तेव्हा बोटांनी ते चाचपलं आणि सोडून दिलं. एका रोपाचं झालं, की आत्या उकिडवीच पाऊलभर सरकायची. मी श्वास रोखून बघत होते. आता थांबेल, आता थांबेल, असं म्हणत मीच तिला थांबवलं नाही. रिक्षावाला काय सांगत होता, यातलं मला एक अक्षर ऐकू आलं नाही.

मग आत्या उठायला गेली आणि ओटी जड लागली.

तिनं खाली बघितलं. "अव माय व," एवढंच म्हणाली आणि परत खाली बसली. ओटीभर पिवळी फुलं होती आणि वाफ्याचा अर्धा भाग नुसता हिरवा दिसत होता. रिक्षावाला वळला. त्यानं फेटा काढला, पुन्हा घातला. तेवढ्यात पलीकडच्या माळ्यानं शिट्टी वाजवली.

बागेचे साहेब पुण्याकडचे होते. कोट, टोपी, हातात छडी. ओरडले नाहीत. त्यांनी वाफा बघितला, ओटी बघितली आणि रिक्षावाल्याला विचारलं, "तू यांना सांगितलं नव्हतंस?"

रिक्षावाला उत्तर देणार, तेवढ्यात आत्याच म्हणाली, "सांगतलं जी. दोन डाव सांगतलं. त्याचा काई दोस नाई."

"म्हणजे सांगूनही तोडलीत?"

"म्या नाई तोडली जी. हातानं तोडली."

आम्ही वऱ्हाडी माणसं बोललो की पुण्याच्या कानाला ते भांडणच वाटतं, हे मला पुष्कळ पुढे कळलं. साहेबांचा चेहरा लाल झाला. त्यांना वाटलं बाई चेष्टा करते. "चाळीस-पन्नास फुलं माणूस नकळत तोडतो, असं म्हणायचंय तुम्हाला?"

"आमी रोज तोडतो जी. हाताले सवय हाये. सपत घेतो मी."

साहेबांनी छडी काखेत धरली. माणूस वाईट नव्हता. रिक्षावाल्याकडे बघून ते म्हणाले, "हे खरं असेल तर गोष्ट वेगळी. चुकून झालं असं मी लिहू शकतो. पण कुणी बघितलंय का?" मग त्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं. ते वाकले. "बाळ, तू इथंच होतीस ना? या बाईंचं लक्ष नव्हतं, हे तू बघितलंस?"

मी तेवढी एकटीच साक्षीदार होते. तिनं एकदाही खाली बघितलं नाही, हे माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. पण 'बघितलं' म्हटलं, की पुढचा प्रश्न काय येणार हेही मला ठाऊक होतं. बघितलंस, मग बोलली का नाहीस? जन्मभर दुसऱ्यांना 'काहून' विचारणारी मी त्या एका 'का'ला घाबरले. आत्या माझ्याकडे बघत होती. रिक्षावाला बघत होता.

मी मान हलवून नाही म्हटलं.

साहेबांनी हात पुढे केला. बिल्ला सुतळीनं बांधलेला होता आणि गाठ जुनी झाली होती. रिक्षावाल्याला एका हातानं ती सुटेना. शेवटी माळ्यानं विळ्यानं सुतळी कापली. आत्यानं फुलं ओटीतून काढून गवतावर ठेवली. मोठी एकीकडे, लहान एकीकडे, अशी ठेवली, आणि तसं ठेवतोय हेही तिच्या लक्षात आलं नसावं.

बाहेर येईपर्यंत रिक्षावाला पायी चालत होता, रिक्षा हातानं ढकलत. आत्या रिक्षात बसायला तयार नव्हती. त्यानंच बसवलं. तिनं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले होते आणि डोळ्यांतलं पाणी पुसायलाही ते बाहेर काढत नव्हती. "भाऊ, माह्यानं तुमचं..." असं ती तीनदा म्हणाली.

"जाऊ द्या बाई," तो म्हणाला. "आयुक्षभर मोट हाकली. झोपीतबी माहे पाय चालतात, बायको म्हनते. मले समजते. सायबाले कसं समजन?"

मी अंग चोरून बसले होते. तो आता मला विचारील, असं वाटत होतं. फाटक मागे पडलं, तारेच्या कुंपणाच्या कडेनं रस्ता वळला आणि त्यानं रिक्षा थांबवली. माझ्याकडे वळला.

"पोरी, तू तं झाडाकडं पाहून राहिली व्हती ना? म्हनून तुले हात दिसले नाईत."

मी हो म्हटलं.

त्याचा चेहरा उजळला. खरंच उजळला, मी अजून विसरले नाही. बागेत इतकं होऊन गेलं, तरी आपलं बोलणं कुणीतरी मन लावून ऐकत होतं, याचं त्याला बरं वाटलं.

"मंग थे अर्धंच राह्यलं," तो म्हणाला. "उतर. अठून शेंडा दिसते."

त्यानं मला कुंपणापाशी नेलं, तारेतून बोट दाखवलं आणि सांगायला सुरुवात केली. हे रोप आलं तेव्हा वीतभर होतं. त्याला पहिलं पाणी त्यानं मोटेचं दिलं, ओंजळीनं, बादलीनं माती वाहून जाईल म्हणून. याला फूल फांदीला येत नाही, खोडालाच येतं, आणि पहिलं फूल आलं त्या दिवशी त्यानं बैल सोडून दिले होते आणि दुपारपर्यंत खाली बसून राहिला होता. तो हळूहळू, पहिल्यापासून, काही न गाळता सांगत होता. मध्ये थांबून म्हणाला, "दिसते ना नीट?"

मी तारेला कपाळ लावून बघितलं. ते झाड मी तेव्हा पहिल्यांदाच बघत होते.